डॉक्टर जेम्स ब्लंडेल: बाळंतिणीच्या प्राणासाठीं झटलेला वैद्य

पवित्र शास्त्रांतील राहेलीच्या मरणाची हकीकत आपल्या मंडळ्यांतील लहानथोरांस ठाऊक आहे. बेथलेहेमाच्या वाटेवर तिला वेणा लागल्या. बाळंतपण अति कठीण झालें. मूल जगलें, परंतु आई गेली. जिच्यासाठीं याकोबानें चौदा वर्षें उन्हातान्हांत चाकरी केली, तिला वाटेच्या कडेस पुरून तिच्या कबरेवर एक स्तंभ उभा करण्यापलीकडे त्याच्या हातीं कांहीं राहिलें नाहीं. राहेलीचा प्राण नेमका कशानें गेला हें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तथापि तिच्यामागून सर्व देशांत व सर्व काळीं ज्या असंख्य माता मूल पदरांत पडतांच जग सोडून गेल्या, त्यांच्या मरणाचें एक मोठें कारण वैद्यांस पूर्वींपासून ठाऊक आहे. तें म्हणजे प्रसूतीनंतर होणारा अतिशय रक्तस्राव होय. आजही, इतकी विद्या वाढली असतां, जगांतील मातांच्या मृत्यूच्या कारणांत हें कारण अग्रभागीं उभें आहे.

या मरणापुढें हात टेकून स्वस्थ बसण्याचें ज्यांनीं नाकारिलें, अशा एका इंग्रज वैद्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव डॉक्टर जेम्स ब्लंडेल. एका मनुष्याचें रक्त दुसऱ्या मनुष्याच्या शरीरांत घालून बाळंतिणीचा प्राण वांचवितां येईल, ही गोष्ट त्यांनीं प्रथम विचारानें, मग प्रयोगानें व शेवटीं प्रत्यक्ष कृतीनें दाखवून दिली. रक्तपेढी हा शब्द आज खेड्यापाड्यांतही ऐकूं येतो. पण त्या कल्पनेचा उगम एका मरणाऱ्या बाळंतिणीच्या खाटेपाशीं झाला, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

ब्लंडेल यांचा जन्म १७९० सालीं लंडन शहरांत झाला. त्यांचे मामा डॉक्टर जॉन हेटन हे त्या शहरांतील नामांकित वैद्य असून सेंट थॉमस व गाईज या शेजारशेजारच्या दोन रुग्णालयांतील विद्यार्थ्यांस शरीरशास्त्र व प्रसूतिविद्या शिकवीत. यांपैकीं गाईज रुग्णालय थॉमस गाय नांवाच्या एका पुस्तकविक्रेत्यानें १७२१ सालीं स्थापिलें होतें. हा गृहस्थ पवित्र शास्त्राच्या प्रती छापून विकीत असे, आणि आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यानें गोरगरीब रोग्यांसाठीं लाविला. अशा ठिकाणीं ब्लंडेल यांच्या विद्येचा आरंभ झाला. पुढें स्कॉटलंडांतील एडिंबरो येथील विद्यापीठांत जाऊन १८१३ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली. नवल हें कीं, त्या पदवीसाठीं लिहिलेला त्यांचा निबंध रक्ताविषयीं किंवा बाळंतपणाविषयीं नसून मनुष्याच्या कानास संगीत कसें कळतें याविषयीं होता. लंडनास परतल्यावर ते मामांच्या हाताखालीं शिकवूं लागले, आणि पुढें मामांची जागा त्यांस मिळाली. प्रसूतिविद्येवरील त्यांच्या व्याख्यानांस विद्यार्थ्यांची एवढी दाटी होई कीं, लंडनांत त्या विषयाचा तितका मोठा वर्ग दुसरा नव्हता, असें सांगतात.

त्यांच्या कामाचें महत्त्व कळण्यासाठीं आधीं हा रक्तस्राव कां होतो हें समजून घेतलें पाहिजे. मूल पोटांत असतां तें वारेच्या द्वारें आईच्या रक्तावर पोसलें जातें. दिवस भरत येतात तेव्हां गर्भाशयाकडे दर मिनिटास अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असतें. मूल व वार बाहेर पडली म्हणजे वार जेथें चिकटलेली असते तेथील रक्तवाहिन्यांचीं तोंडें उघडीं राहतात. उत्पन्नकर्त्यानें स्त्रीच्या शरीराची योजना अशी केली आहे कीं, त्याच वेळीं गर्भाशय मुठीसारखा आवळतो, त्याचे स्नायु त्या वाहिन्यांस पिळून धरितात व रक्त आपोआप थांबतें. परंतु कधीं दीर्घ वेणांनीं थकून गर्भाशय सैल राहतो, कधीं वारेचा तुकडा आंत अडकतो, कधीं प्रसूतीच्या मार्गास जखम होते, आणि मग रक्ताचा पाट वाहूं लागतो. मोठ्या माणसाच्या शरीरांत सारें मिळून पांच लिटरांच्या आसपास रक्त असतें. तेव्हां सकाळीं जी स्त्री धडधाकट होती तिचें दुपारीं प्रेत होणें कांहीं कठीण नाहीं.

हें मरण झोपडी व राजवाडा असा भेद करीत नसे. इंग्लंडच्या गादीवर पुढेंमागें बसावयाची जी राजकन्या शार्लट, तिला १८१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत पुष्कळ तास वेणा सोसून मेलेला मुलगा झाला, आणि त्यानंतर कांहीं तासांतच तीही मरण पावली. तिचें वय अवघें २१ वर्षांचें होतें. रक्तस्राव हेंच तिच्या मृत्यूचें कारण असावें, असें पुष्कळ वैद्यांचें मत आहे. सारा देश शोकांत बुडाला, आणि ज्या वैद्यानें तिचें बाळंतपण केलें त्यानें पुढच्या सालीं आपल्या हातानें आपला जीव घेतला. राज्यांतील उत्तमांत उत्तम वैद्य उशाशीं बसले असतां जर राजकन्या वांचली नाहीं, तर गरिबाच्या लेकीसुनांची काय कथा!

त्याच सुमारास ब्लंडेल यांस एका स्त्रीला पाहण्यासाठीं बोलावणें आलें. प्रसूतीच्या रक्तस्रावानें ती मरणोन्मुख झाली होती. ते पोहोंचण्यापूर्वींच रक्त थांबलेलें होतें. आतां वाहण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें, आणि थांबविण्यासारखेंही कांहीं उरलें नव्हतें. तेथें असलेल्या वैद्यांनीं होते नव्हते ते सर्व उपाय केले. तरी दोन तासांच्या आंत तिनें प्राण सोडिला. असा प्रसंग त्या काळच्या प्रत्येक वैद्याच्या व प्रत्येक सुइणीच्या आयुष्यांत येत असे. लोक हळहळत, दैवाला दोष देत, आणि दुसऱ्या दिवशीं आपापल्या कामास लागत. ब्लंडेल यांस मात्र तो देखावा विसरतां येईना. त्यांच्या मनांत विचार आला कीं, या बाईस कोणताही रोग नव्हता. तिचें हृदय, तिचीं फुप्फुसें, तिचे सर्व अवयव निकोप होते. उणें होतें तें केवळ रक्त. मग ज्यांच्या अंगांत रक्त भरपूर आहे अशीं माणसें तिच्या खाटेभोंवतीं उभीं असतां ती रक्तावांचून कां मरावी?

रक्त एका शरीरांतून दुसऱ्या शरीरांत घालण्याची कल्पना अगदींच नवी नव्हती. रक्त शरीरांत फिरत असतें हें विल्यम हार्वी या वैद्यानें १६२८ सालीं प्रसिद्ध केल्यावर कित्येकांनीं असे प्रयोग केले होते. पॅरिस शहरांत झां डेनी नांवाच्या वैद्यानें १६६७ सालीं कोंकराचें रक्त मनुष्यास दिलें. परंतु त्याच्या हातचा एक रोगी मेला, खटला झाला, आणि पुढें त्या देशांत ही रीत बंद पडली. त्यानंतर सुमारें दीडशें वर्षें वैद्यांनीं तिचें नांवही टाकल्यासारखें होतें. तेव्हां ब्लंडेल यांस हा मार्ग जवळजवळ नव्यानेंच पाडावा लागला.

त्यांनीं उतावीळ केली नाहीं. प्रथम त्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग केले. जनावराचें रक्त काढीत जावें, आणि तें निपचित पडून मेल्यासारखें झालें म्हणजे दुसऱ्या कुत्र्याचें रक्त पिचकारीनें त्याच्या शिरेंत घालावें. मग तें हळूहळू श्वास घेऊं लागे व उठून उभें राही. त्या मुक्या प्राण्यांस झालेले क्लेश वाचून कोमल मनाच्या वाचकांस वाईट वाटेल, व तें योग्यही आहे. तथापि या प्रयोगांवरून कित्येक मोलाच्या गोष्टी कळून आल्या. पिचकारींतून गेल्यानें रक्त निरुपयोगी होत नाहीं, ही एक. रक्त बाहेर पडल्यावर थोड्याच वेळांत गोठूं लागतें, म्हणून काम झटपट झालें पाहिजे, ही दुसरी. पिचकारींतील हवा काढून टाकण्याविषयीं फार जपलें पाहिजे, ही तिसरी. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, एका जातीच्या प्राण्याचें रक्त दुसऱ्या जातीच्या प्राण्यास मानवत नाहीं. मनुष्याचें रक्त ज्या कुत्र्यांस दिलें तीं बहुतेक मेलीं. ही शेवटची गोष्ट लीकॉक नांवाच्या दुसऱ्या एका वैद्यानें आपल्या आधीं दाखविली होती, हें ब्लंडेल यांनीं मोकळ्या मनानें लिहून ठेविलें आहे. दुसऱ्याच्या श्रमांचें श्रेय दुसऱ्यास देणें हा गुण विद्वानांतही दुर्मिळच असतो. या सर्वांवरून त्यांनीं असा नियम ठरविला कीं, मनुष्यास द्यावयाचें तें मनुष्याचेंच रक्त. मेंढराचें नव्हे कीं वांसराचें नव्हे.

१८१८ सालीं त्यांनीं हे प्रयोग लंडनांतील वैद्यांच्या सभेपुढें मांडिले, आणि त्याच सालीं पहिल्यानें मनुष्याचें रक्त मनुष्यास दिलें. तो रोगी बाळंतीण नसून पोटाच्या असाध्य रोगानें खंगलेला एक पुरुष होता. कित्येक माणसांच्या हातांतून घेतलेलें सुमारें १२ ते १४ औंस रक्त पिचकारीनें थोडथोडें त्याच्या शिरेंत घातलें. कांहीं काळ त्यास हुशारी वाटली. परंतु मूळ रोग बरा होण्यासारखा नव्हता, आणि दोन दिवसांनंतर तो मरण पावला. यापुढील वर्षेंही खडतर गेलीं. लोक त्यांस बोलावीत तें सर्व आशा सुटल्यावर. एखाद्या ठिकाणीं तर रोग्याचा प्राण गेल्यासारखाच असे. अपयशामागून अपयश आलें. ब्लंडेल यांनीं तें झांकून ठेविलें नाहीं. ज्या रोग्यास गुण आला त्याची हकीकत त्यांनीं जशी सांगितली, तशीच जो मेला त्याचीही सांगितली. शिवाय आपला उपाय सरसकट कोणावरही न करितां, ज्या स्त्रीला दुसऱ्या कोणत्याही उपायानें वांचण्याची आशा नाहीं तिच्यावरच करावा, असा त्यांचा बाणा असे.

शेवटीं पीक आलें. १८२५ सालीं लंडनांतील वॉलर व डबलडे या वैद्यांनीं ब्लंडेल यांच्या रीतीनें रक्तस्रावानें मरूं घातलेल्या बाळंतिणींस रक्त दिलें व त्या वांचल्या. १८२९ सालीं खुद्द ब्लंडेल यांनीं आपल्या हातून वांचलेल्या अशाच एका तरुण बाळंतिणीची हकीकत लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत छापिली. तिला तीन तासांच्या अवधींत थोडथोडें करून आठ औंस, म्हणजे सुमारें पाव लिटर, रक्त दिलें होतें. पाव लिटर म्हणजे किती? आपल्या घरांतील एका पेल्याभर. तेवढ्यानें एका घराचें छत्र राहिलें व एका तान्ह्याची आई राहिली.

त्याच सालीं त्यांनीं आपल्या एका नव्या यंत्राचें वर्णन व चित्रही प्रसिद्ध केलें. तें फार साधें होतें. रोग्याच्या खाटेपाशीं उंचावर एक नरसाळें बसवावें. रक्त देणाऱ्यानें तेथें उभें राहून आपल्या हाताची शीर उघडूं द्यावी. त्याचें रक्त नरसाळ्यांत पडून आपल्याच भारानें एका लांब नळींतून खालीं उतरावें व खाटेवरील स्त्रीच्या शिरेंत जावें. रक्त सांठवून ठेवण्याची युक्ति त्या काळीं कोणास ठाऊक नव्हती. म्हणून देणारा व घेणारी यांस एकमेकांपाशीं असावें लागे. एक उभा आहे, दुसरी निजली आहे, आणि एकाचा जीव दुसरीकडे वाहत आहे, असें तें चित्र आहे.

ब्लंडेल व त्यांचे सोबती यांनीं सुमारें दहा वेळां हा उपाय केला, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या रोग्यांस गुण आला. उरलेल्यांस कां आला नाहीं, याचीं सर्व कारणें त्यांस त्या वेळीं कळणें शक्य नव्हतें. कित्येकांस बोलावण्यास उशीर झाला होता हें तर उघडच होतें. जंतूंचें ज्ञान अद्याप झालें नव्हतें. आणि मनुष्यांचें रक्तही सर्वांचें सारखें नसतें, हें गूढ व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर या संशोधकानें १९०१ सालीं उकललें. रक्ताचे निरनिराळे गट आहेत, व विजोड गटाचें रक्त दिल्यास रोगी दगावतो, हें तेव्हां समजलें. या शोधाबद्दल त्यांस १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९१४ च्या सुमारास सायट्रेट नांवाचा क्षार घालून रक्त न गोठूं देण्याची युक्ति सांपडली. त्यापुढें रक्त बाटलींत ठेवितां येऊं लागलें, आणि १९३० नंतरच्या दशकांत रक्तपेढ्या निघाल्या. या कामीं आपल्या प्रांताचाही हात लागला आहे. १९५२ सालीं मुंबईंत डॉक्टर भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं एक अति दुर्मिळ रक्तगट शोधून काढिला. तो सर्व जगांत बाँबे रक्तगट या नांवानें ओळखला जातो. त्या गटाच्या मनुष्यास त्याच गटाचें रक्त लागतें, दुसरें चालत नाहीं.

ब्लंडेल यांच्या शिकवणीची आणखी एक बाजू आमच्या खेड्यांतील वाचकांनीं लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. ते साहसी वैद्य होते, तरी बाळंतपणांत उगीच हात घालण्याचे ते कट्टे विरोधी होते. वेणा नीट चालल्या असतां घाई करणें, ओढाताण करणें, गरज नसतां हत्यारें लावणें यांनीं जितक्या स्त्रियांचें भलें होतें त्याहून अधिकांचें वाईट होतें, असें ते विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवीत. निसर्ग आपलें काम करीत आहे तोंवर धीर धरावा, आणि तो थकला असें दिसतांच क्षणाचाही विलंब लावूं नये, असें त्यांच्या शिकवणीचें सार होतें. कोठें थांबावें व कोठें धांवावें हें ज्यास कळतें तोच खरा वैद्य, आणि तीच खरी सुईण.

ते कांहीं निर्दोष साधु नव्हते. १८३० नंतरच्या दशकांत रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांशीं त्यांचें बिनसलें व त्यांनीं तेथील शिकविण्याचें काम सोडून दिलें. त्यांची राहणीही जगावेगळी होती. ते उशिरां उठत, रोग्यांच्या घरीं रात्रीं फिरत, व गाडींत दिवा लावून पुस्तकें वाचीत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. खाजगी वैद्यकींत त्यांनीं पुष्कळ पैसा मिळविला, १८४७ सालीं व्यवसाय सोडिला, आणि त्यानंतर सुमारें तीस वर्षें शांतपणें काढून १८७८ सालीं ते लंडनांत मरण पावले. त्यांच्या हयातींत त्यांची रीत सर्वमान्य झाली नाहीं. पेरणारा एक व कापणारा दुसरा, हा नियम त्यांच्या बाबतींतही खरा ठरला.

आतां कोणी म्हणेल कीं, शंभर दोनशें वर्षांपूर्वींच्या इंग्रज वैद्याची ही कथा आम्हां खेडुतांस कशाला? यास आमचें उत्तर असें कीं, ज्या संकटाशीं ते झगडले तें आपल्या उंबऱ्याबाहेर गेलेलें नाहीं. मात्र त्याच्याशीं झगडण्याचीं साधनें आतां पूर्वींहून पुष्कळ आहेत. आजच्या प्रसूतिगृहांत मूल जन्मतांच आईस ऑक्सिटोसिन या औषधाची सुई देतात. तिनें गर्भाशय आवळून येतो. पोटावरून गर्भाशय चोळितात, वार सबंध आली कीं नाहीं हें पाहतात, जखम असल्यास शिवितात. रक्त फार जाऊं लागलें तर शिरेंतून पाणी व औषधें देतात. ट्रॅनेक्झामिक ॲसिड नांवाचें एक औषध प्रसूतीपासून तीन तासांच्या आंत दिलें तर रक्तस्रावानें होणारे मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें कमी होतात, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत आढळलें. उशीर झाल्यास त्याचा गुण येत नाहीं.

या कामांत आपल्या शेजारच्या बेळगांव जिल्ह्याचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. तेथील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर केलेल्या एका पाहणीचा निकाल २००६ सालीं प्रसिद्ध झाला. गांवोगांवच्या नर्सबाईंनीं मूल जन्मल्यावर मिसोप्रोस्टॉल नांवाच्या गोळ्या दिल्या, तेव्हां अतिरक्तस्रावाचें प्रमाण शेंकडा १२ वरून शेंकडा ६.४ वर आलें. बाळंतिणीखालीं पसरावयाची, मापाच्या खुणा असलेली एक प्लास्टिकची झोळी त्याच कामासाठीं तयार केली होती. तिच्यावरून एक मोठी गोष्ट कळली. नुसत्या डोळ्यांनीं पाहून रक्त किती गेलें याचा जो अंदाज करितात, तो झोळींतील मापापेक्षां सुमारें एक तृतीयांशानें कमी निघाला. म्हणजे अनुभवी माणसांची नजरही येथें चुकते, आणि बहुधा धोक्याच्याच बाजूला चुकते. पुढें आफ्रिका खंडांतील चार देशांत अशा झोळीनें रक्त मोजून, तें बेतापलीकडे जातांच सर्व उपाय एकदम करण्याचा क्रम लावून पाहिला. त्यांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. भयंकर रक्तस्राव व त्यामुळें होणारीं शस्त्रकर्में व मृत्यु हीं सारीं मिळून शेंकडा ६० नीं कमी झालीं, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. नवें औषध कोणतेंच नव्हतें. रक्त मोजलें व वेळ दवडिला नाहीं, एवढेंच.

तेव्हां उपदेशक बंधूंस व बायबल स्त्रियांस आमची विनंति आहे. तुम्ही घरोघर जातां. जेथें वैद्य वर्षांत एकदां जात नाहीं तेथें तुमचे पाय आठवड्यास लागतात. ज्या घरीं गरोदर बाई आहे तेथें प्रार्थनेबरोबर चार गोष्टी अवश्य विचारा. बाळंतपण कोणत्या दवाखान्यांत होणार, हें ठरलें आहे काय? रात्रींबेरात्रीं गाडीची सोय काय? १०८ व १०२ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मागवितां येते हें घरांतील सर्वांस ठाऊक आहे काय? तिच्या अंगांत रक्त कमी असल्यास नर्सबाईंनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या ती घेते काय? कारण जिचें रक्त आधींच कमी, तिला थोडासा रक्तस्रावही सोसवत नाहीं. सरकारी रुग्णालयांत बाळंतपण, औषधें व लागल्यास रक्तही विनामूल्य द्यावें अशी योजना २०११ सालापासून आहे. तेव्हां खर्चाच्या भीतीनें कोणी मागें राहूं नये. आणि मूल घरींच झालें व कपडे भिजत राहिले, बाई फिकी पडली, तिला चक्कर येऊं लागली, तर वडीलधाऱ्यांची वाट पाहूं नका, अंगारेधुपाऱ्यांत वेळ घालवूं नका, थोडें थांबून पाहूं असें म्हणूं नका. ब्लंडेल पोहोंचले तेव्हां त्या स्त्रीचें रक्त थांबलेलेंच होतें, हें आठवा.

दुसरी विनंति आपल्या मंडळ्यांतील तरुणांस. रक्त दिल्यानें पुरुषाची शक्ति जाते, अशी समजूत अद्याप कित्येक ठिकाणीं आहे. ती खोटी आहे. १८ पासून ६५ वर्षांपर्यंतच्या, निदान ४५ किलो वजनाच्या निरोगी मनुष्याचें रक्त तपासून एका वेळीं ३५० मिलिलिटर घेतात. हा त्याच्या रक्ताचा लहानसा भाग असून शरीर तो कांहीं आठवड्यांत पुन्हां भरून काढितें. पुरुषास तीन महिन्यांनीं व स्त्रीस चार महिन्यांनीं पुन्हां देतां येतें. पैसे घेऊन रक्त विकण्याची चाल आपल्या देशांत १९९८ सालापासून बंद आहे. म्हणून आतां रक्त मिळावयाचें तें केवळ दानानेंच. ऐन वेळीं माणसें शोधीत फिरण्यांत बाळंतिणीचा प्राण जातो. तें रक्त आधींच जुळवून, तपासून पेढींत तयार असलें पाहिजे.

प्रभूनें आपल्यासाठीं जें रक्त सांडिलें त्याच्याशीं मनुष्याच्या कोणत्याही दानाची तुलना होऊं शकत नाहीं, व आम्ही ती करीतही नाहीं. परंतु ज्यांस तें फुकट मिळालें त्यांनीं आपल्या अंगांतील एक पेलाभर रक्त देतांना मागेंपुढें पाहावें, हें शोभत नाहीं. चांगल्या शोमरोन्यानें वाटेंत पडलेल्या मनुष्यास त्याचें नांव विचारिलें नाहीं, जात विचारिली नाहीं. ब्लंडेल यांच्या काळीं रक्त देणाऱ्यास बाळंतिणीच्या खाटेपाशीं उभें राहावें लागे. आज जो तरुण तालुक्याच्या रक्तपेढींत जाऊन आपला हात पुढें करितो, तो जिचें नांव त्याला कधीं कळणार नाहीं अशा कोणा मातेच्या खाटेपाशीं, तिच्या गरजेच्या आधींच, जाऊन उभा राहिलेला असतो.